तार तेवढीच, जमीन किती? लेकरांना क्षेत्रफळ शिकवताना

(तामलवाडी, ता. तुळजापूर इथं गायरान कसणारी कुटुंबं, कार्यकर्ते आणि आसपासच्या गावांतले काही प्राथमिक शिक्षक एकत्र बसले होते. त्या बैठकीत एका शिक्षक साथीनं केलेलं हे भाषण. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलं आहे.)



मला इथं जमिनीवर बोलायला बोलावलंय आणि मी पडलो मास्तर. कायद्यातलं मला जेवढं कळतं त्यापेक्षा इथं पुढं बसलेल्या बायांना जास्त कळतं. दंडाच्या पावत्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत, गाडग्यात, उशीच्या खोळीत जपून ठेवल्यात. तेव्हा मी माझ्या धंद्याचंच बोलतो. चौथी-पाचवीच्या लेकरांना क्षेत्रफळ कसं शिकवायचं, एवढाच माझा विषय. त्यातून जमिनीचं जे निघेल ते निघेल.

पण हा विषय आज का, ते आधी सांगतो. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय माणसानं सरकारी पडीक किंवा गायरान जमीन शेतीसाठी धरली असेल, तर ती त्याच्या नावानं नियमित करायची, असा तो निर्णय. त्याच्या आधीच्या अतिक्रमणांसाठी १९७८ चा निर्णय होता. हे आपोआप आलं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, माणसं हजारोंनी तुरुंगात गेली, आणि मराठवाड्यात तर गायरानासाठी माणसांनी मारही खाल्ला. ते सांगायला दुसरे साथी आहेत. मला एवढंच दिसतं की कागदावर आता दोन गोष्टी लागतात. कधीपासून कसतोस, आणि किती कसतोस. ‘कधीपासून’ला पावती आहे, साक्षीदार आहे. ‘किती’ला काय आहे? तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई आहे, त्यात अतिक्रमणाची नोंद आहे, त्या नोंदीत क्षेत्र लिहिलेलं आहे. ते क्षेत्र कुणी मोजलं? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. बांधावर उभं राहून नजरेनं लिहिलेलं आहे, नाहीतर विचारून लिहिलेलं आहे. "किती हाय रे?" "एकरभर आसंल साहेब." लिहिलं ०.४०. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, चाळीस गुंठे म्हणजे चाळीस आर, झालं काम.

आता शाळेकडं वळतो.

‘क्षेत्रफळ’ हा शब्द लेकराला परका वाटतो. मराठी बोलणाऱ्या घरातल्या लेकराला परका, मग फासेपारध्याच्या लेकराला तर विचारूच नका. त्याच्या घरची बोली गुजरातीच्या जवळची. शाळेत आल्यावर मराठी हीच त्याला शिकायची भाषा. एका पोरीला मी विचारलं, क्षेत्रफळ म्हणजे काय गं? म्हणाली, "शेतातलं फळ." वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, ती निम्मी बरोबर आहे. शेत हा शब्द क्षेत्र याच शब्दातून झिजत झिजत आलाय. म्हणजे क्षेत्र काय ते तिला बरोबर कळलं. फळ म्हणजे हिशेबाचं फळ, उत्तर. शेताचा हिशेब करून जे हाती येतं ते क्षेत्रफळ. त्या दिवसापासून त्या वर्गात हा शब्द कुणाला जड गेला नाही.

पुस्तकात काय असतं? एक आयत काढलेला असतो, लांबी गुणिले रुंदी असं सूत्र असतं, खाली दहा उदाहरणं. लेकरं दहाच्या दहा सोडवतात, मास्तर खूश. मग तुम्ही त्याच लेकराला विचारा, तुझ्या घराची जमीन सारवायला किती पाट्या शेण लागतं, आणि शेजारच्या दुप्पट लांब-दुप्पट रुंद घराला किती लागेल? हुशार म्हणवणारं पोरगं सांगतं, दुप्पट. आणि वर्गात मागं बसणारी पोरगी, जी घरी खरंच सारवते, ती सांगते, "दुप्पट न्हाई गुरुजी, लई लागंल. चारदा लागंल." तिनं गुणाकार केलेला नाही. तिच्या हाताला माहीत आहे. आपलं काम, हाताला जे माहीत आहे ते आकड्यात आणायचं.

म्हणून मी सुरुवात झाकण्यापासून करतो. लांबी मोजायची असते, क्षेत्र झाकायचं असतं. पाटी किती काड्यापेट्यांनी झाकते? गोधडीला सारख्या मापाची किती ठिगळं बसली? आपल्या भागात एक सोय चांगली आहे, शहाबादी फरशी. शाळेत नसली तर चावडीत, देवळात, कुणाच्या ओट्यावर असतेच. दोन बाय दोन फुटांची फरशी असेल अशा ओट्यावर लेकरांना नेलं आणि मोजा म्हटलं. पहिल्यांदा सगळी एक-एक फरशीवर पाय ठेवून मोजत गेली, मध्येच विसरली, पुन्हा पहिल्यापासून. मग एक पोरगी थांबली आणि म्हणाली, एका ओळीत बारा, अशा ओळी चार. म्हणजे बारा चोक अठ्ठेचाळीस. ते सूत्र तिनं शोधलं, मी सांगितलं नाही. कडेला अर्ध्या फरश्या होत्या, त्या दोन-दोन मिळून एक धरल्या. कोपऱ्यात एक तुटकी होती, तिच्यावर भांडण झालं. होऊ द्यावं. क्षेत्रफळाचं निम्मं शिक्षण त्या तुटक्या फरशीत आहे, कारण शेतात सगळ्या फरश्या तुटक्याच असतात.

इथं काही गुरुजन म्हणतील की शाळेत पटावर लेकरं आहेत, हजेरीला नाहीत. ती शेरडांमागं गायरानात असतात, त्यांना कसली फरशी दाखवता? खरं आहे. मग शाळा गायरानात न्यावी. ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कोसबाडला वारली लेकरांसाठी कुरणशाळा चालवली. गुरं चारणारं लेकरू शाळेत येत नाही, तर शाळा कुरणावर, असा सरळ हिशेब. अशा विषयाला तर कुरणासारखी जागा नाही. भिंतीच्या आत क्षेत्रफळ शिकवणं म्हणजे पोहणं फळ्यावर शिकवण्यासारखं आहे.

आता मुख्य गोष्ट. ती दोरीची आहे.

चाळीस हात लांबीची दोरी घ्यायची, दोन्ही टोकं बांधून तिचा वेढा करायचा. चार लेकरं चार कोपऱ्यांना उभी. पहिल्यांदा दहा-दहा हाताचा चौरस करा. आत किती? दहा दाही शंभर. मग लांबट करा, बारा आणि आठ. शहाण्णव. अजून ताणा, पंधरा आणि पाच. पंचाहत्तर. आणखी ताणा, एकोणीस आणि एक. एकोणीस! दोरी तीच, एक वीतभरही कमी झाली नाही, आणि जमीन शंभरावरून एकोणीसवर आली. लेकरं गप्प होतात. एक जण दोरी पुन्हा मोजून बघतोच, गुरुजींनी काही चलाखी केली का म्हणून. बघू द्या.

हा धडा लेकरांना जेवढा लागतो तेवढाच मोठ्यांना लागतो. दोन भावांनी जमीन वाटली, बांध दोघांना सारखा आला म्हणून दोघं राजी झाले, आणि एकाला चौकोनी तुकडा, एकाला ओढ्याकाठची पट्टी. मी असं वाटप बघितलंय. बांधाची लांबी ही परिमिती आहे, ती जमीन नव्हे. तारेचा भाव काढायला परिमिती, बियाण्याचा भाव काढायला क्षेत्रफळ. लेकरांना मी असंच सांगतो: तार किती लागेल ते एक गणित, ज्वारी किती लागेल ते दुसरं.

तार म्हटली की इथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते, तेही मला ठाऊक आहे. इथून जवळच, सोलापूरला, सेटलमेंट होती. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, तो रद्द झाला १९५२ ला. तोवर माणसं तारेच्या आत आणि रोज हजेरी. ज्या घरानं ते सोसलं त्या घरात ‘मोजायला आले’ याचा अर्थ ‘उठवायला आले’ असाच होतो. म्हणून लेकरांच्या हातात दोरी देताना मी आई-बापांना आधी सांगतो की मोजणारं तुमचं लेकरू आहे आणि आकडा तुमच्याच घरात राहणार आहे.

लेकरांचं डोकं या बाबतीत कसं चालतं यावर परदेशातही लोकांनी काम केलंय. स्वित्झर्लंडचे पियाजे म्हणून मोठे अभ्यासक होते. १९४८ ला त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं भूमितीवर पुस्तक आलं. त्यात एक प्रयोग आहे. दोन सारखी हिरवी कुरणं, दोन्हींत एकेक गाय. मग दोन्ही कुरणांत सारखीच घरं ठेवायची, एकात सगळी एका ओळीत चिकटवून, दुसऱ्यात इकडं-तिकडं विखरून. आता विचारायचं, दोन्ही गायींना गवत सारखंच उरलं का? लहान लेकरं म्हणतात, नाही, जिथं घरं विखुरली तिथं गवत कमी. मोठी होता होता त्यांना कळतं की घरं तेवढीच आहेत, तर गवतही तेवढंच.

मी हा प्रयोग हिरव्या कागदावर आणि काड्यापेट्यांनी दुसरीच्या लेकरांवर केला. जसं लिहिलंय तसंच झालं. पण मला हसू दुसऱ्याच गोष्टीचं आलं. गावात जेव्हा गायरानावरून बैठक बसते तेव्हा मोठी माणसं हेच म्हणतात ना? पाच झोपड्या आणि पाच तुकडे गायरानात विखुरलेले असले की ओरड होते, सगळं गायरान गिळलं, गुरांना काही ठेवलं नाही. कुणी बेरीज करत नाही की गायरान एकूण किती, धरलेलं किती, उरलेलं किती. आणि त्याच गावात ज्याची ताकद आहे त्यानं बांध कोरत कोरत गायरानाच्या कडेची लांबलचक पट्टी आपल्या शेतात घेतलेली असते, ती डोळ्याला दिसत नाही. पट्टी दिसत नाही, झोपडी दिसते. दुसरीच्या लेकराची समजूत आहे ही, फेटा बांधलेल्या माणसाच्या डोक्यात.

पुढची पायरी. आयत झाला, चौरस झाला. पण चार बाजू मोजल्या की जमीन कळली, असं लेकरांनाच काय, भल्याभल्यांना वाटतं. इथं ज्वारीची धाटं कामाला येतात. सारख्या लांबीची चार धाटं घ्या, टोकं सुतळीनं सैल बांधा. चौरस उभा राहील. आता एका कोपऱ्याला बोटानं ढकला. चौरस कलतो. अजून ढकला, अजून कलतो, शेवटी धाटं एकमेकांवर आडवी पडतात आणि आत काहीच उरत नाही. चारही बाजू होत्या तेवढ्याच आहेत! मग लेकरांना विचारायचं, हा चौकोन हलू नये म्हणून काय करशील? कुणीतरी पाचवं धाट आणतंच, आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आडवं बांधतं. घराचा सांगाडा उभा करताना बापानं तसं केलेलं त्यानं बघितलेलं असतं. ते पाचवं धाट म्हणजे कर्ण. कर्ण मोजल्याशिवाय चौकोनाची जमीन सांगता येत नाही.

आपल्या भास्कराचार्यांनी हे ११५० च्या लीलावतीत लिहून ठेवलंय, आणि फार कडक भाषेत. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचं नेमकं क्षेत्र जो विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा, अशा अर्थाचं ते बोलतात. त्यांच्या आधी ब्रह्मगुप्तांनी, इसवी सन ६२८ मध्ये, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणायची रीत दिली होती, पण तिला त्यांनी स्वतःच स्थूल म्हटलं, आणि नेमक्यासाठी वेगळी रीत सांगितली. आणि आज सुमारे १४०० वर्षांनंतरही गावात जमीन मोजतात ती त्याच स्थूल रीतीनं. पूर्वेचा बांध आणि पश्चिमेचा बांध, बेरीज करून निम्मे. उत्तर-दक्षिण तसंच. दोन्हींचा गुणाकार. ही रीत एक गोष्ट नेहमी करते: जमीन आहे तेवढी किंवा त्यापेक्षा जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. चारही बांध आठ-आठ साखळ्या असले तर ही रीत सांगते चौसष्ट गुंठे. जमीन कललेली असली आणि दोन बांधांमधलं सरळ अंतर सहाच साखळ्या असलं, तर खरी जमीन आठ सक अठ्ठेचाळीस. सोळा गुंठ्यांचा फरक. विकत घेणाऱ्याला ही रीत बुडवते, खंडानं कसणाऱ्याला बुडवते. आणि अर्जात चौसष्ट लिहून मोजणीत अठ्ठेचाळीस निघाले की साहेब म्हणायला मोकळा, हे लोक खोटं बोलतात.

साखळी म्हणालो, ती कुठली ते सांगतो. पूर्वी आपल्याकडं काठी होती. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. पण काठी प्रत्येक मुलखाची वेगळी. लेकरांना हे पटवायचं असेल तर दोघांना एकच पटांगण आपापल्या हातानं मोजायला लावा. एकाचे साठ हात होतात, एकाचे बासष्ट. मग सगळ्यांचं एक माप लागतं हे न सांगता कळतं. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी तेहतीस फुटांची ठेवली, आणि तिचे सोळा भाग, एकेका भागाला नाव आणा. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचे सोळा आणे. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, पण एकर-गुंठा इकडंही तोच. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद अशी पट्टी म्हणजे गुंठ्यातला एक आणा. इतकं सोपं माप आहे हे. साखळ्यांचा गुणाकार केला की थेट गुंठे हातात येतात, मध्ये भागाकार नाही की काही नाही. जमिनीच्या दफ्तरात जुनं ‘गुणाकार बुक’ असतं, त्यात हेच गुणाकार मांडलेले असतात. पाचवीच्या पोराला येणारे गुणाकार आहेत ते. पण त्या बुकाचं नाव घेतलं की आपल्याला वाटतं वेदातलं काहीतरी आहे.

साखळी घरी करता येते. तेहतीस फूट काथ्याची नाहीतर नायलॉनची दोरी घ्या. ती चार वेळा दुमडली की सोळा भाग पडतात: दोन, चार, आठ, सोळा. प्रत्येक घडीला रंगीत चिंधी बांधा. ना पट्टी लागली, ना भागाकार. एकेक आणा दोन फूट पाऊण इंचाचा झाला. लेकरं हे अर्ध्या तासात करतात आणि मग ती दोरी त्यांची असते, कुणाला हात लावू देत नाहीत.

याच दोरीत काटकोनही आहे. तीन आणे, चार आणे, पाच आणे असा त्रिकोण ताणला की तीन आणि चारच्या मधला कोपरा बरोबर काटकोन. बारा आणे वापरले, चार हातात उरले. गवंड्यांना ही रीत माहीत असते. इमारतीचा पाया आखताना गुण्या पुरत नाही तिथं ते दोरीनंच काम भागवतात. सरकारी मोजणीदार शंकू लावून जे करायचा ते आपली लेकरं चिंध्या बांधलेल्या दोरीनं करतात.

आता सातबाऱ्यावर गुंठे नसतात, हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे दहा मीटर गुणिले दहा मीटर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. दहा मीटर म्हणजे बत्तीस फूट पावणेदहा इंचाच्या आसपास. म्हणजे साखळीपेक्षा दोन-अडीच इंचच कमी. तेव्हा गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, गुंठा किंचित मोठा. शंभर गुंठ्यांचे एकशे एक आर होतात. तोंडी हिशेबाला सारखे धरले तरी चालतं, कागदावर लिहिताना धरू नये.

बरं, शेत तर वेडंवाकडं असतं. त्याला काय करायचं? एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो, गावाचं नाव घेत नाही. गायरानातला एक तुकडा, एका फासेपारधी कुटुंबाचा. लेकरांनी एका टोकाच्या बाभळीपासून दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दगडापर्यंत सरळ रेषा धरली. बारा साखळ्या भरली. ही पायाची रेषा. रेषेच्या एका अंगाला जमीन त्रिकोणी होती, सगळ्यात लांबचा कोपरा रेषेपासून काटकोनात पाच साखळ्यांवर. त्रिकोण म्हणजे आयताच्या निम्मा, हे कागद दुमडून आधी झालेलं होतं. बारा पंचे साठ, निम्मे तीस गुंठे. दुसऱ्या अंगाला बांध दोनदा मोडत होता. बाभळीपासून चार साखळ्यांवर उभं राहून काटकोनात गेलं की तीन साखळ्यांवर एक कोपरा, नऊ साखळ्यांवरून गेलं की चार साखळ्यांवर दुसरा. म्हणजे दोन टोकांना दोन त्रिकोण, मध्ये पाच साखळ्यांचा एक तुकडा ज्याची एक बाजू तीन आणि एक चार. पहिला त्रिकोण सहा गुंठे. मधला, तीन आणि चारची सरासरी साडेतीन, पाचानं गुणून साडेसतरा. शेवटचा त्रिकोण, तीन गुणिले चार, निम्मे सहा. साडेएकोणतीस झाले. दोन्ही अंगं मिळून साडेएकोणसाठ गुंठे. म्हणजे साठ आर.

एक-ई ला नोंद चाळीस आरची.

घरधनी म्हातारा बांधावर बसला होता. त्याला सांगितलं तर त्याला आनंद झाला नाही. म्हणाला, "मीच सांगितलं हुतं एकरभर. जास्ती सांगितलं आस्तं तर दंड जास्ती बसला आस्ता." खरंच आहे. दंड आकारणीच्या हिशेबानं, आकारणी क्षेत्राच्या हिशेबानं. ज्या काळात पावती म्हणजे नुसता भुर्दंड होता त्या काळात कमी सांगणं हेच शहाणपण होतं. आता तीच पावती हक्काचा पुरावा झाली, आणि त्यातला कमी आकडाही तिच्याबरोबर आला. वीस आर, म्हणजे कसलेल्या जमिनीचा तिसरा हिस्सा, एका शब्दात अडकलाय. दगड वेचून, मुरूम फोडून, बायकोच्या डोक्यावरून माती वाहून केलेली जमीन आहे ती.

आपल्यातल्या काही साथींचं म्हणणं आहे की मोजूच नये. मोजलं तर कुणाची नोंदीपेक्षा जास्त निघेल आणि जास्तीची काढून घेतील. कुणाची कमी निघेल आणि घरात भांडण लागेल. दोन्ही गोष्टी होऊ शकतात, मी नाकारत नाही. कमी निघालेली घरंही आहेत. पण सरकार एक दिवस मोजणारच आहे. त्या दिवशी साखळी कुठून धरली, पोटखराब म्हणून किती वजा केलं, ओढ्याचा काठ आत घेतला की बाहेर, हे बघणारं आपल्यापैकी कुणी बांधावर पाहिजे. ज्याला आपला आकडा माहीत नाही तो सही कशावर करतोय तेही त्याला कळत नाही. माझं मत मोजावं असंच आहे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. लेकरांची मोजणी ही सरकारी मोजणी नव्हे. ती वही कुणी अर्जाला जोडू नये. मी नोकर माणूस आहे म्हणून सांगतोय असं नाही. लेकरावर पुराव्याचं ओझं टाकू नये म्हणून सांगतोय. त्याचं एखादं चुकलं तर ते गणित चुकलेलं असावं, बापाची जमीन गेलेली नसावी. घरानं आपला आकडा मनात ठेवावा, आणि त्या बळावर रीतसर मोजणी मागावी, नोंदीला हरकत घ्यावी, ते काम मोठ्यांचं.

गुरुजनांसाठी दोन-चार बारीक गोष्टी. चढाच्या जमिनीवर दोरी जमिनीला चिकटवून धरायची नाही, आडवी धरायची. पायरी-पायरीनं उतरायचं आणि टोकाखाली दगड सोडून खूण करायची. लेकरं विचारतात की उतारावर जमीन जास्त असते ना? पाय दुखतात त्या हिशेबानं जास्त. नकाशा मात्र सपाटीनंच होतो. काथ्याची दोरी ओली झाली की लांबी बदलते, म्हणून रोज सकाळी मापून घ्यावी. काम सुगी संपल्यावर आणि मृगाच्या आधी करावं, रान मोकळं असतं, बांध दिसतात. ऊन चढायच्या आत, सकाळच्या शाळेत. आणि पोरींना दोरी धरायला द्यावी, नुसती वही धरायला नाही.

(भाषणानंतर एका बाईंनी विचारलं: चौकोनाचं झालं, तिकोनाचं झालं, खळं तर गोल असतं. त्याचं कसं?)

बाई, खळ्याच्या मधल्या खांबापासून कडेपर्यंत दोरी धरा. तेवढ्या दोरीचा एक चौरस करा. असे चौरस खळ्याला तीन पुरत नाहीत आणि चार जास्त होतात. तीन आणि वर एक सातवा हिस्सा लागतो. दोरी सात हात असेल तर चौरस एकोणपन्नासाचा, तीनदा एकशे सत्तेचाळीस, वर सात. एकशे चौपन्न चौरस हात. पटत नसेल तर खळं सारवताना पाट्या मोजून बघा, आणि तेवढ्याच मापाचा चौरस अंगणात सारवून बघा.